दारातलं जाजम

मंगळवारी दुपारी सुपडू नानांच्या मोबाइलवर दिल्लीहून फोन आला. प्रवीण मेला, असं फोनवरच्या माणसानं सांगितलं. नानांनी विचारलं, कोणत्या गावात. त्या माणसाला गावाचं नाव उच्चारता आलं नाही. नानांनी फोन खिशात ठेवला, आत जाऊन जाजम काढलं आणि दारात अंथरलं. मग सुनेला हाक मारली.

मी समोरच राहते. अमळनेरच्या आमच्या गल्लीत माझी खिडकी नानांच्या ओट्यावर उघडते. त्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कामावरून लवकर आले होते, म्हणून जाजम झटकल्याचा आवाज मी ऐकला. दुपारच्या वेळी दारात जाजम पडलं की कोणी गेलं, एवढं आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. मंदाबाई, म्हणजे नानांची विधवा सून, प्रवीणची आई, पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. जाजम बघितल्यावर तिला सांगावं लागलं नाही.

प्रवीण ज्या देशात गेला होता त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या अध्यक्षाचंही नाही. नाना त्याला 'नेणारा' म्हणत. मीही तेच म्हणते. प्रवीणबरोबर गेलेला, आमच्या गल्लीतल्या इस्माईलभाईंचा अस्लम अजून तिथे आहे, आणि लिहिताना माझा हात थांबतो तो त्याच्यामुळे.

नाना अंगानं मोठे. मान आखूड, मनगटं जाड, पांढरं धोतर आणि वर बारा महिने हाफ स्वेटर. तरुणपणी त्यांचा स्वतःचा ट्रक होता. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ट्रक जाऊन खूप वर्षं झाली होती. ते एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचा वजनकाटा सांभाळत, संध्याकाळी ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एक प्रश्न विचारत. सगळी गल्ली त्या प्रश्नाला भ्यायची आणि हसायचीही.

"कोणी नको म्हटलं होतं का?"

कोणी मोटरसायकलवरून पडून हात बांधून आला, की नाना प्लास्टरकडे बघत आणि विचारत, कोणी नको म्हटलं होतं का? नगरसेवकानं आमच्या गल्लीतली गटार चढाच्या बाजूला काढली आणि पाणी उलटं प्रत्येकाच्या न्हाणीत शिरलं, तेव्हा नाना त्याला ओट्यावर बसवून, चहा पाजून, अगदी मायेनं म्हणाले, "भाऊ, गवंडी नको म्हणत होता ना?" नगरसेवक म्हणाला, म्हणत होता. "मग आता तू रोज सकाळी इथे येऊन बघत जा." तो खरंच आठवडाभर येत होता. मी तब्येत बरी नसताना लग्नाला म्हणून धुळ्याला जाऊन आले आणि आल्यावर आजारी पडले, तेव्हा माझ्या खिडकीखालूनही तोच प्रश्न आला. मी आतून म्हणाले, तुम्हीच म्हणाला होतात. "मी म्हटलं होतं हे मला माहीत आहे, पोरी. तुला माहीत आहे का एवढंच बघत होतो."

या प्रश्नात टोमणा असे, पण त्याच्या खाली आणखी काही असावं असं मला वाटायचं. समोरचा 'हो, म्हटलं होतं' असं म्हणेपर्यंत नाना सोडत नसत. तेवढं म्हटलं की लगेच सोडत. पुढे उपदेश नाही, रागावणं नाही. जणू त्या माणसाकडून त्यांना तेवढंच हवं असायचं.

आयटीआय झाल्यावर प्रवीण जळगावला एका कारखान्यात लागला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्माईलभाई पिंजारींचं गाद्यांचं दुकान आहे. अस्लम त्यांचा मुलगा, प्रवीणचा शाळेपासूनचा सोबती. दोघांनी मोबाइलवर एक जाहिरात बघितली. परदेशात मदतनीस पाहिजेत, गोदामात आणि स्वयंपाकघरात काम, राहणं-खाणं फुकट. धुळ्यात एक माणूस भेटला. त्यानं कागद करून दिले. दोघं निघाले त्या सकाळी नानांनी प्रवीणला विचारलं, तिकडे जेवायला काय मिळतं? प्रवीण म्हणाला, पाव आणि सूप. नाना म्हणाले, लोणचं घेऊन जा.

पुढे त्यांनी मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. दर वेळी शेवट एकच असायचा. "जगाला विचारत फिरलो, पोरी. आणि घरात मी नको म्हटलं नाही. लोणचं घेऊन जा म्हटलं."

महिनाभरात कळलं की गोदाम वगैरे काही नव्हतं. तिथे पोचल्यावर त्यांच्या पुढे एक कागद ठेवला गेला, तिथल्या भाषेतला. सही केल्यावर गणवेश दिला. नंतर बंदूक. प्रवीणचा फोन आला तेव्हा तो हळू बोलत होता, आणि मागे कुठेतरी पत्र्यावर काही आपटावं तसा आवाज सारखा येत होता. नानांनी तो आवाज ऐकला आणि फोन मंदाबाईच्या हातात दिला. पत्र्याचा आवाज त्यांना कधीच सहन होत नसे. वारा सुटला की ते ओट्यावरच्या पत्र्याखाली चिंध्या कोंबत. तेव्हा मला त्याचं कारण माहीत नव्हतं.

त्यानंतर नाना ग्रंथालयात येऊ लागले. चपला बाहेर काढून, दबकत, देवळात यावं तसे. मी त्यांना नकाशाचं मोठं पुस्तक काढून दिलं. अमळनेर त्यात नव्हतं. जळगाव बारीक अक्षरात होतं. त्यांनी एक बोट जळगाववर ठेवलं, दुसरं तिकडे, आणि बराच वेळ दोन्ही बोटं तशीच ठेवून बसले. मग म्हणाले, काय चाललंय तिकडे ते वाचून दाखव.

मी वर्तमानपत्रं काढून वाचून दाखवत असे. नेणाऱ्यानं सुरुवातीला सांगितलं होतं की ही लढाई थोड्या दिवसांचं काम आहे. ते संपलं नाही, तेव्हा त्यानं आणखी माणसं बोलावली. ती पुरली नाहीत तेव्हा तुरुंगातली घेतली, मग बाहेरच्या देशांतली. त्याच्याच देशातली तरुण पोरं सरहद्द ओलांडून पळाली. आया रस्त्यावर उभ्या राहिल्या, त्यांना गाड्यांत घालून नेलं. त्याच्या एका जुन्या अधिकाऱ्यानं हे थांबवा म्हणून सांगितलं, तो पुढे दिसला नाही. हे सगळं मी हळू आवाजात वाचत असे. ग्रंथालयात तसंच वाचतात, पण त्याहून हळू. का कोण जाणे, कोणी ऐकेल असं वाटायचं.

नाना म्हणाले, "म्हणजे लोकांनी सांगितलं होतं त्याला."

मी म्हटलं, बऱ्याच लोकांनी.

दोन्ही बोटं नकाशावरून उचलून नानांनी पुस्तक मिटलं, आणि जाताना त्याच्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

प्रवीणचा देह आला नाही. दर्भाचा पुतळा करून क्रिया झाली. इस्माईलभाईंच्या घरून डाळ-भात आला, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नसली की शेजाऱ्यानं आणायचं असतं. इस्माईलभाई स्वतः रोज जाजमावर येऊन बसत. त्यांच्या खिशात मोबाइल असे आणि ते सारखा त्यावर हात ठेवत. अस्लमचा फोन येत होता, पण कधी येईल ते सांगता येत नव्हतं. बोलता बोलता कुठेही फोन वाजला की जाजमावरची सगळी माणसं गप्प होत.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. शेवटची माणसं उठली आणि मंदाबाईचा भाऊ जाजम गुंडाळायला वाकला. त्या वेळी एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती. भडगावकडच्या एका खेड्यातून एसटीनं आली होती. गिरणाकाठचं खेडं. नाना तिला सुमनअक्का म्हणत. ती दिवसभर काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "भाऊ, नेणारा उना का?"

नाना म्हणाले, "नही."

"मंग जाजम काबर उचली ऱ्हायनात?"

नेणारा आला नाही तर जाजम का उचलता, एवढंच तिनं विचारलं. मंदाबाईच्या भावानं धरलेलं टोक खाली ठेवलं. ते जाजम त्यानंतर उचललं गेलं नाही.

सुमनअक्का कोण, हे मला नानांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांच्या ट्रकच्या दिवसांतली गोष्ट. पावसाळा होता. गिरणेपलीकडच्या मळ्यातून केळी भरली होती, रावेरच्या व्यापाऱ्याकडे पोचवायची होती. कापलेली केळी थांबत नाहीत. नदीवर तेव्हा बुटका फरशी पूल होता आणि त्यावरून पाणी जात होतं. मळेवाला म्हणाला, नको. अलीकडे थांबलेल्या बैलगाडीवाल्यानं हात केला, नको. गाडीवर केळीच्या घडांवर भिका नावाचा मजूर बसला होता. तो उतरून म्हणाला, नाना, सकाळी जाऊ. नानांनी त्याला वर चढायला लावलं. पुलाच्या मधोमध चाकांना पाण्याचा जोर लागला. भिकानं केबिनच्या टपावर थापा मारल्या. मागे घ्या म्हणून. नाना म्हणाले, "तो मारत होता आणि मी गाडी पुढे दाबत होतो. आता मागे कसं घ्यायचं, लोक काय म्हणतील. मनात हेच होतं, पोरी. लोक बघत होते ना दोन्ही काठांवर."

ट्रक कलंडला. नाना दारातून बाहेर फेकले गेले आणि एका बाभळीला अडकले. भिका दुसऱ्या दिवशी सापडला.

आमच्याकडे रीत आहे. ज्यानं माणसाला कामाला नेलं आणि तो माणूस परत आला नाही, त्या नेणाऱ्यानं त्याच्या दारावर जायचं. जाजमावर बसायचं. घरचे जे विचारतील त्याला उत्तर द्यायचं. हात उचलला तर मार खायचा. पुष्कळ जण जात नाहीत, कोणाला तरी पाठवतात. नाना गेले. त्यांच्या भावकीनं नको म्हटलं, तेही त्यांनी ऐकलं नाही. "तेवढं एक नको ऐकलं नाही ते बरं झालं," असं ते म्हणायचे. भिकाची तरुण बायको समोर बसली होती. म्हणजे ही सुमनअक्का. ती रडली नाही, शिवी दिली नाही. तिनं एकच विचारलं.

"तुले कोनी नको सांगं नव्हतं का?"

नाना म्हणाले, "बठ्ठासनी सांगं व्हतं. मी आयकं नही."

सगळ्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. एवढं म्हणताना त्यांचे दात वाजत होते, असं ते मला म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं आणि आत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं. नानांनी पुन्हा गाडी धरली नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायच्या दिवशी, ते त्या दारावर जाऊन थोडा वेळ बसून येत. ओट्यावरचा तो प्रश्न त्यांचा नव्हताच. तो सुमनअक्काचा होता.

जाजम दारात राहिलं आणि गल्लीत भीती आली.

आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग नाक्यावर लोक एकमेकांना विचारू लागले की सुपडूकडचं सुतक अजून फिटलं नाही का. कोणी सांगितलं, म्हातारा तिकडच्या राष्ट्राध्यक्षाची वाट बघतोय. लोक हसले. मग जळगावहून एक बातमीवाला आला, आणि हसणं थांबलं. नानांच्या फोनवर अनोळखी नंबरावरून एक माणूस हिंदीत बोलला. आवाज सभ्य होता. त्यानं प्रवीणबद्दल दुःख व्यक्त केलं आणि मग विचारलं, तुमच्या गल्लीतला आणखी एक मुलगा तिकडे आहे ना? नाना म्हणाले, आहे. तो माणूस म्हणाला, मग जपून. आणि फोन ठेवला. कोण होता, कुठून बोलत होता, हे आम्हाला कधी कळलं नाही. मी त्या दिवसापासून खिडकीचा एकच पट उघडा ठेवू लागले.

पोलीस ठाण्यातून एक हवालदार आला. हे काय आंदोलन आहे का, परवानगी घेतली का, असं त्याला विचारायचं होतं. नाना म्हणाले, दारावर आलात, आधी बसा. हवालदारानं बूट काढले आणि बसला. बसल्यावर त्याला काही विचारता येईना. जाजमावर बसलेला माणूस परवानगीचं कसं विचारणार? त्यानं प्रवीणचं वय विचारलं, चहा घेतला आणि बूट घालताना एवढंच म्हणाला की नाना, वरून विचारतात म्हणून आलो.

एक पुढारी फोटोग्राफरला घेऊन आले. सरकारदरबारी प्रयत्न चालू आहेत, पण तो देश आपला मित्र आहे, तेव्हा हे जाजम आता उचललं तर बरं, असं त्यांचं म्हणणं. ते टोकाकडे हात नेणार तोच नाना म्हणाले, "भाऊ, प्रवीणला तुम्ही नेलं होतं का?" पुढारी म्हणाले, छे, आमचा काय संबंध. "मग तुम्ही बसा. उचलणारे तुम्ही नाही." फोटो निघाला तो बसलेल्या पुढाऱ्यांचा निघाला. तो कुठे छापून आला नाही.

बातमीवाला पुन्हा आला, कॅमेरा घेऊन. नानांनी बोलावं, ते सगळीकडे जाईल, तिकडच्या भाषेत उतरवून तिकडेही जाईल, असं तो म्हणत होता. मला वाटलं नाना लगेच बोलतील. इतके दिवस ते याचीच वाट बघत असतील असं मला वाटत होतं. पण त्यांनी बातमीवाल्याला बाजूला बसवलं आणि गल्लीतल्या घरांना बोलावलं. आम्ही सगळे जाजमावर बसलो. नानांनी सांगितलं, मला नेणाऱ्याला एक गोष्ट विचारायची आहे, ती मी या डब्यासमोर विचारणार आहे. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "कोणी नको म्हणतंय का?"

तो प्रश्न आयुष्यभर घडून गेलेल्या गोष्टींबद्दल विचारला जात होता. घडायच्या आधी विचारलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बहुतेकांनी, विचारा, म्हणून माना डोलावल्या. मग इस्माईलभाई म्हणाले, "नाना, मी म्हणतो. नको." त्यांचा हात खिशावर होता. "माझा पोरगा त्यांच्या हातात आहे. तुम्ही इथे बोलाल, तिथे त्याला पुढे ढकलतील. तुमचा गेला. माझा जिवंत आहे."

शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर त्यांनी मान खाली घातली. मंदाबाई आत उठून गेली. नानांनी इस्माईलभाईंकडे बघितलं. मग बातमीवाल्याकडे वळून म्हणाले, साहेब, मशीन बंद करा. एक जण नको म्हणतोय. बातमीवाला म्हणाला, बाकी सगळे हो म्हणताहेत की. नाना म्हणाले, "गिरणेवर भिकाचं नकोही मी असंच मोजलं नव्हतं."

मी हे लिहिते आहे ते या एका दुपारसाठी. तिकडे एक माणूस होता, ज्याला त्याचा सगळा देश नको म्हणत होता आणि तो आणखी माणसं आत टाकत होता. इकडे नातू गेलेला हा म्हातारा एका पिंजाऱ्याच्या एका शब्दावर गप्प बसला. आणि गप्प बसणं त्याला सोपं नव्हतं. त्यानंतर नानांचं जेवण तुटलं. ते जाजमावर बसत आणि तोंड हलवत, पण आवाज येत नसे. इस्माईलभाई रोज येत. दोघं शेजारी शेजारी बसत. दोघांत तो विषय निघत नसे.

पावसाळ्यात जाजम पत्र्याखाली ओढून घेतलं. पाऊस पत्र्यावर वाजायचा आणि नाना कानात कापूस घालून बसायचे. तो कापूस इस्माईलभाई दुकानातून आणून देत.

गणपती उठल्यानंतर अस्लमचा फोन आला. दुपारची वेळ होती, इस्माईलभाई जाजमावरच होते. ते फोन घेऊन ओट्याच्या कोपऱ्यात गेले, मग परत आले आणि त्यांनी फोनचा आवाज मोठा करून तो जाजमावर मधोमध ठेवला. अस्लमचा आवाज खोल गेलेला होता. तो म्हणाला, अब्बा म्हणतात नाना माझ्यासाठी गप्प बसले. नाना, तुम्ही गप्प आहात म्हणून मला लढाईत मागे ठेवलंय असं नाही. इथे बोलणाऱ्यांच्या पोरांचा नंबर लागतो, न बोलणाऱ्यांच्या पोरांचाही लागतो. मग तो म्हणाला की आमच्या गाडीचा चालक तिथलाच, म्हातारा आहे. त्याचा मुलगा प्रवीणच्या आधी गेला. तो रोज म्हणतो, हे आम्हाला नको होतं, कोणालाच नको होतं, एकटा तो माणूस मागे फिरत नाही. त्याला विचारायची आमची छाती नाही, तुमच्याकडचं कोणी विचारेल का? फोन मधेच तुटला.

इस्माईलभाई फोनकडे बघत होते. "नाना," ते म्हणाले, "विचारा."

"बघ, इस्माईल."

"मी नको म्हटलं होतं. मीच सांगतोय. विचारा."

बातमीवाल्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. नानांनी धुतलेलं धोतर नेसलं. मंदाबाई एका बाजूला बसली, इस्माईलभाई दुसऱ्या बाजूला. नानांचे दात वाजत होते. मला वाटलं त्यांना बोलता येणार नाही. मग ते बोलले, आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलले, जणू समोर जाजमावर कोणी येऊन बसलं आहे.

"मी सुपडू महाजन, अमळनेरचा. माझा नातू प्रवीण तुम्ही कामाला नेला. तो परत आला नाही. आमच्याकडे नेणाऱ्यानं दारावर यायचं असतं. जाजम अंथरलेलं आहे, तुम्ही या. मी हात उचलणार नाही. शिवी देणार नाही. मीही एका दारावर असा गेलो होतो, मला माहीत आहे किती जड जातं. एकच विचारीन. तुम्हाला कोणी नको म्हटलं नव्हतं का?" ते थांबले. मग इस्माईलभाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि याचा पोरगा तुमच्याकडे आहे. येताना त्याला घेऊन या."

ते पुष्कळ लोकांनी बघितलं, असं म्हणतात. मी बघितलं नाही, मी तिथे होते. फोनवरून शिव्या आल्या. म्हाताऱ्याला कोणी शिकवलं, असं कोणी लिहिलं. एका सकाळी मी खिडकी उघडली तर जाजमावर जळकं इंजिन ऑइल ओतलेलं होतं. आमच्याच गल्लीत येऊन कोणी तरी ओतून गेलं होतं, आणि त्या दिवसापासून पाणी भरताना आम्ही एकमेकांकडे नीट बघेनासे झालो. इस्माईलभाईंनी दुकानातून कात्री आणि दाभण आणलं, काळा झालेला तुकडा कापून काढला आणि तिथे गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड जोडून दिलं. शिवताना त्यांचा हात चालत होता तसा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

पण दुसरी माणसंही आली. धुळ्याहून एक जोडपं आलं, त्यांचा मुलगाही त्याच माणसानं कागद करून पाठवला होता. रावेरकडचा एक बाप आला, केळीच्या गाडीतून. त्यांना पत्ता सांगावा लागला नाही, जाजम दिसलं की ते बसत. नाना त्यांना काही समजावत नसत. विचारत, तुमच्याकडे अंथरलंय का? नसेल तर इथे बसा.

अस्लमचा फोन आला नाही. दिवाळी गेली, तरी आला नाही. नाना रोज सकाळी इस्माईलभाईंकडे बघत आणि इस्माईलभाई मान हलवत. एकदा नाना म्हणाले, "इस्माईल, तू नको म्हणूनच थांबला असतास तर बरं झालं असतं."

इस्माईलभाई म्हणाले, "मी विचारा म्हटलं होतं, नाना. ते माझ्याकडून काढून घेऊ नका."

थंडी सुरू झाली तेव्हा नानांची छाती भरली. धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं, तिथे मी त्यांना शेवटचं भेटले. बोलायला त्रास होत होता. तिकडची बातमी काय, असं त्यांनी खुणेनं विचारलं. मी सांगितलं की नेणाऱ्यानं आणखी माणसं बोलावली आहेत. ते डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं झोप लागली. मग ते म्हणाले, "म्हणजे अजून फरशीवरच आहे तो. मधोमध." थोडा श्वास घेऊन म्हणाले, "तिथूनही मागे घेता येतं, पोरी. मला आलं असतं. टपावर थापा ऐकू येत होत्या मला."

दोन दिवसांनी ते गेले.

नानांसाठी वेगळं जाजम अंथरावं लागलं नाही. सुमनअक्का आली आणि त्याच भिंतीला टेकून बसली. नानांची गंधमुक्ती झाली, पाहुणे गेले. मंदाबाई उठली. तिला आता या घरात एकटीनं राहायचं आहे, शेजारपाजारची माणसं तिला सांगत होती की बाई, पुरे झालं, आता दार मोकळं होऊ दे. तिनं जाजमाचं एक टोक हातात घेतलं, थांबली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "कोणी नको म्हणतंय का?"

मी खाली बघत होते. इस्माईलभाईंचा हात खिशावर होता.

"मी म्हणतो," ते म्हणाले.

मंदाबाईनं टोक खाली ठेवलं आणि हातानं सारखं केलं.

नाना नाहीत. लढाई चालू आहे. अस्लमचा फोन आलेला नाही. जाजम दारात आहे.